जास्तीची अठ्ठावन्न मिनिटं

९ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी ७ वाजता २ अंश. ढगाळ. वारा वायव्येचा.

दुरुस्ती. रविवार, ५ नोव्हेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे — "संख्याशास्त्राची परीक्षा वेळेत संपवली. दोन मिनिटं राखून!" हे चूक आहे. पान फाडणार नाही. बाबांनी शिकवलंय तसंच करते: चुकीवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला नावाचं पहिलं अक्षर. आणि खरं काय ते नव्या तारखेला.

खरं काय ते असं.

आज कॉलेजच्या जेवणघरात मर्विन भेटला. आमच्या विज्ञानाच्या जुन्या इमारतीची झाडलोट, दिवे, नळ सगळं तोच बघतो. सत्तरीला आलाय. ट्रे घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "काय गं पोरी, रविवारी तू पुतळा झाली होतीस का? तुझ्या डोक्यावर शिडी लावून घड्याळ मागे केलं मी. शिडी करकरली, माझे गुडघे करकरले — तू मान वर करशील तर शपथ!"

मी हसले. मग म्हटलं, "मागे म्हणजे?"

"एक तास मागे. दर नोव्हेंबरला सगळ्या देशात करतात ना, हिवाळ्यापुरतं! खरं तर शनिवारीच करायचं, पण नातीचा सामना होता. रविवारी तुम्ही दोघी बसलात आणि पाव तासात मी आलोच."

तोंडाशी नेलेला बटाटा मी परत ट्रेमध्ये ठेवला.

मी बसले तेव्हा भिंतीवर दहा वाजले होते. परीक्षेच्या पाकिटावर तेच लिहिलं. उठले तेव्हा अकरा अठ्ठावन्न. तेही लिहिलं. पण मधे काटे एक तास मागे गेले होते! म्हणजे मी खऱ्या नऊलाच बसले होते. दोन तासांची परीक्षा मी दोन तास अठ्ठावन्न मिनिटं लिहिली.

आणि त्या दिवशी मला वाटलं होतं, आज वेळ कसा छान पुरला.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
१ अंश. पाऊस नाही.

परीक्षेला जाताना फोन खोलीवर ठेवून जायचं हा नियम. हातात घड्याळ मी घालत नाही. सकाळी ब्रेनाने — ब्रेना म्हणजे माझ्या खोलीतली, आम्ही दोघी एकाच वर्गात — गदागदा हलवून उठवलं आणि मी तशीच निघाले. जेवणघरात आठवडाभर पाटी होती: "रविवारी एक तास जास्त झोपा!" रोज वाचत होते. मला वाटलं, तब्येतीबद्दल आहे. इथे अशा पाट्या असतात. पाणी प्या. हसा. झोपा.

आमच्या बेटावर घड्याळ कधीच कोणी मागेपुढे करत नाही. सांगितलं तर बाबा विचारतील, "आणि मग सूर्याचं काय करतात?"

हे सगळं खरं आहे. पण हे लिहिताना मला बरं वाटतंय, म्हणजे यात काहीतरी गडबड आहे.

इथे परीक्षेला पहारा नसतो. शुक्रवारी पाकीट घ्यायचं, शनिवार-रविवारी कुठल्याही रिकाम्या वर्गात बसून लिहायचं, वेळ आपणच लिहायची, आणि शेवटी स्वतःच्या हाताने: मदत घेतली नाही, दिली नाही, ठरल्या वेळेतच लिहिलं. खाली सही. सप्टेंबरमध्ये प्रार्थनाघरात एका मोठ्या वहीतही आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, वचनाच्या वहीत. माझी सही इंग्रजी आणि आमची, अशा दोन्ही लिप्यांत घेतली. फोटो काढला. तो बाबांनी बेटावरच्या त्यांच्या हवामान केंद्राच्या भिंतीवर लावलाय.

वचनाचा दुसरा भाग — कोणी मोडताना दिसलं तर तेही सांगायचं. न सांगणं म्हणजेही मोडणं.

मी आत्ता जाऊन सांगितलं तर विद्यार्थ्यांचं पंचमंडळ बसेल. माझ्यासारखी वर्षभरासाठी आलेली पाहुणी दोषी ठरली तर सहामाही रद्द आणि जानेवारीत घरी. असं छापलेलंच आहे. मी आज तीनदा वाचलं.

आणि ब्रेना? तीही त्याच घड्याळाखाली बसली होती. मी स्वतःचं सांगितलं की तिचंही आलंच. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, त्यासाठी हा विषय सुटलाच पाहिजे. ती माझ्याआधी पाच-सात मिनिटं उठली असावी — रविवारी मी असंच लिहिलंय. मान वर केली तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. बाहेर भेटली तेव्हा विचारलं तिने, "वेळ पुरला ना गं तुला?" मी म्हटलं, पुरला की! तिने मान हलवली आणि बुटाची नाडी बांधत बसली.

म्हणजे तिलाही काही कळलेलं नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार
तापमान घेतलं नाही. विसरले नाही. घेतलं नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार
उणे १. धुकं.

निकाल.

शहाण्णव.

प्रोफेसर हॅलोरन बाईंनी नाव घेतलं नाही, पण बघितलं माझ्याकडेच. म्हणाल्या, "पेपर मी मुद्दाम लांब काढला होता. कोणी पूर्ण करेल असं वाटलं नव्हतं." वर्गात सगळे वळून बघायला लागले. मागून कोणीतरी टाळीही वाजवली.

मग बाईंनी फळ्यावर मांडलं. इथली रीत अशी की सगळ्यात वरचा जो आकडा, त्याला शंभर धरायचे, आणि जितके कमी पडले तितके सगळ्यांना वाढवून द्यायचे. माझे शहाण्णव, म्हणून सगळ्यांना चार. माझ्याखालचा आकडा एक्याऐंशी.

मी नसते तर सगळ्यांना एकोणीस मिळाले असते.

ब्रेनाला अठ्ठेचाळीस. अधिक चार, बावन्न. उत्तीर्ण व्हायला साठ लागतात. अधिक एकोणीस म्हणजे सदुसष्ट. मी हे वहीच्या कोपऱ्यात मांडलं आणि हाताने झाकलं, कोणी कॉपी करेल अशासारखं.

बाहेर आल्यावर ब्रेना म्हणाली, "शहाण्णव! आज आइस्क्रीम तुझ्याकडून." मी म्हटलं, "बाहेर उणे एक आहे." "मग काय झालं? आम्ही आयोवाची माणसं, बर्फात बसून खातो." आणि खरंच खाल्लं. बाकावर. दोन कप. माझाही तिनेच संपवला.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
उणे १.

बाईंनी बोलावलं. मला वाटलं, कळलं त्यांना!  खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं.

पण नाही. म्हणाल्या, "ब्रेनाला शिकवशील का? शेवटच्या परीक्षेत तिला भरपूर गुण हवेत. तुमची दोघींची खोली एकच. तू समजावून छान सांगतेस." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "नको असेल तर सरळ सांग हं."

सरळ सांगायची एवढी सोपी संधी. तोंड उघडलं आणि म्हटलं, "शिकवीन."

दाराबाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मी गप्प आहे ती ब्रेनासाठी, असं गेले चार दिवस मी स्वतःला सांगते आहे. खरंच? ब्रेना त्या खोलीत नसती तर मी सांगितलं असतं?

माहीत नाही. बाबा म्हणतात, माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहायचं, रकाना भरून काढायचा नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
३ अंश. ऊन.

पहिली शिकवणी. मी आपल्या कागदावर फासे काढले. ब्रेना म्हणाली, "फासे नकोत, डुकरं घे. डुकरं मला समजतात."

"बरं. दहा डुकरांतली तीन आजारी. डोळे मिटून दोन उचलली—"

"डोळे मिटून डुक्कर उचलून दाखव तू आधी!"

"ब्रेना."

"बरं बरं. तीन आजारी."

सगळी उदाहरणं केली तिने. सावकाश करते, ओठ हलवत, पण एकही चुकलं नाही. मी म्हटलं, मग अठ्ठेचाळीस कसे गं पडले? तुझा पेपर दे, कुठे चुकलं ते बघू.

"आईला पाठवला. आमच्याकडे नापास कागदही फ्रीजवर लागतो. पहिलीपासूनची पद्धत आहे."

"नापासही?"

"आई म्हणते, घरात काय चाललंय ते फ्रीजला कळलं पाहिजे."

मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "चुकलं काही नाही गं. शेवटचे पाच कोरे राहिले. वेळ संपला."

 तीन तास मिळूनही पाच प्रश्न कोरे! वाईट वाटलं तिचं. बिचारी, इतकी सावकाश करत असेल तर पुढे कसं होणार?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिच्या घरी जायचं ठरलंय. नको म्हणायचा प्रयत्न केला. "आईने तुझ्यासाठी पांघरूण धुवायला टाकलंय," ती म्हणाली. "आता नाही म्हणता येत नाही. कायदा आहे."

१८ नोव्हेंबर, शनिवार
उणे ३. निरभ्र.

बाबांचा फोन. आधी तापमान विचारलं, मग मी कशी आहे ते. पाठीमागून आई: "जेवते का ती? विचारा तिला, जेवते का!"

निकाल विचारला. सांगितला. सांगायला नको होता. बाबांनी नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाले, टपालाच्या होडीच्या तांडेलाला सांगतो, तो सगळ्या बंदरात सांगेल, मला वेगळं फिरायला नको.

"वेळ पुरला, आ-फान?"

"पुरला बाबा."

खोटं नाही बोलले. शब्दाशब्दाने खरं. याच्यासारखं घाणेरडं मी आजवर काही बोललेले नाही.

आमच्या बेटावर शाळा नव्हती. दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे बाबांचं टेबल. बेरीज मी पावसाच्या मापावर शिकले, अक्षर नोंदवहीत सुधारलं. ढग बघून मी "पाऊस येईल" म्हटलं की बाबा म्हणायचे, "तू पाहिलास? नाही ना? मग ढग लिही. पाऊस लिहू नकोस."

त्यांच्या नोंदवहीत एक रकाना कोरा आहे. मी सात वर्षांची होते, तापात फणफणले होते, आणि दुपारी दोनची नोंद घ्यायची राहिली. एकचं आणि तीनचं तापमान होतं. मधला आकडा कोणीही लिहिला असता, कोणाला कळणार होतं? बाबांनी लिहिलं, "पाहिलं नाही." मुख्य कचेरीतून ठपका आला. दोन वर्षं बढती अडली. आई अजून ते काढते — "एक आकडा लिहायला काय हात मोडले होते यांचे!"

त्या घराची मी मुलगी. आणि माझ्या रकान्यात शहाण्णव.

१९ नोव्हेंबर, रविवार
दोन पत्रं लिहिली प्रोफेसर बाईंना. दोन्ही फाडली. एकात रडगाणं होतं, दुसऱ्यात मर्विनचं नाव.

२२ नोव्हेंबर, बुधवार
ब्रेनाच्या घरी. ०, बहुतेक. माझा तापमापक खोलीवर राहिला, इथला कोंबडीच्या आकाराचा आहे, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

तिची आई लॉरेटाकाकू दारातच मिठी मारून उभ्या राहिल्या. सोडेनात! "किती गं बारीक! डेल, बघ, वाऱ्याने उडून जाईल ही." तिचे बाबा, डेलकाका, म्हणाले, "मग खिशात दगड घाल तिच्या," आणि आत गेले. ब्रेना म्हणाली, "आवडलीस तू त्यांना. नाहीतर बोलत नाहीत."

२३ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग.

सकाळी ब्रेनाबरोबर डुकरांच्या शेडमध्ये गेले. ती बादल्या भरत होती. ऊब होती आत, आणि वास. तिथे मी सांगितलं. सगळं एका दमात. मर्विन, शिडी, घड्याळ, अठ्ठावन्न मिनिटं. म्हटलं, "तुलाही कळलं नसेल, पण आपल्याला दोघींना तीन तास मिळाले. मला सांगायचंय बाईंना. पण मी सांगितलं की तुझंही नाव येणार. म्हणून तुला विचारते."

ब्रेनाने भरलेली बादली खाली ठेवली.

"सांगितलंस तर तुला परत पाठवतील?"

"बहुतेक."

"मग कशाला सांगतेस वेडे? कोणाला कळलंय?"

"तुझे गुण, ब्रेना. माझ्यामुळे तुला चारच मिळाले. एकोणीस मिळायचे होते."

"मला आकडेमोड येते गं. तूच शिकवतेस ना?" हसली. मग हसू गेलं. "माझी काळजी करू नकोस. माझ्यासाठी सांगू नकोस, आणि माझ्यासाठी गप्पही बसू नकोस. बास. धर ही बादली."

बादली जड होती. अर्धी माझ्या बुटात सांडली. एक डुक्कर येऊन बूट चाटायला लागलं आणि ब्रेना हसून हसून खाली बसली. मीही हसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

दुपारी जेवण. टर्की, तिच्यावर रस्सा, शेंगांचं काहीतरी, रताळी — आणि रताळ्यांवर चक्क गोड साखरेचे फुगे! जेवणाआधी प्रत्येकाने सांगायचं, यंदा कशाबद्दल आभार.

डेलकाका: "डुकरांना खोकला नाही त्याबद्दल."

ब्रेना: "माझे अठ्ठेचाळीस माझेच आहेत त्याबद्दल." डेलकाका खो खो हसले. लॉरेटाकाकूंनी तिला चमचा दाखवला.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "माझ्या मुलीला खोलीत इतकी सच्ची मुलगी मिळाली त्याबद्दल. ब्रेना फोनवर सांगते, आई, ती वहीत स्वतःच्या चुकासुद्धा लिहून ठेवते."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी पाळी होती. मी म्हटलं, "बटाट्यांबद्दल."

सगळे हसले. मला वाढले अजून.

संध्याकाळी विचार केला. ब्रेना माझ्यासाठी थोर होते आहे. तिचंही नाव जाईल हे तिला कळतंय आणि तरी काळजी करू नकोस म्हणते. अशा मुलीला मी कसं अडकवू? आधी तिची शेवटची परीक्षा होऊ दे. ती सुटू दे. मग नाताळनंतर मी सांगेन. हेच योग्य.

हेच योग्य, असं वाटतंय.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
उणे ६. कोंबडीनुसार.

सकाळी लॉरेटाकाकूंनी फ्रीजवरून टर्की भाजायचं वेळापत्रक काढलं. त्याच्याखाली ब्रेनाच्या परीक्षेचं पाकीट होतं, मक्याच्या कणसाच्या लोहचुंबकाने लावलेलं. तिचं अक्षर. तिचं वचन, तिची सही. सुरुवात १०:०० — त्यावर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर ९:००. बाजूला नावाचं पहिलं अक्षर. शेवट ११:००.

काकू म्हणाल्या, "कॉफी घेतेस ना?" मी हो म्हटलं असावं.

दुरुस्ती. ५ नोव्हेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे, "ब्रेना माझ्याआधी पाच-सात मिनिटं उठली असावी." मी पाहिलं नव्हतं. ती अकराला उठली. पाच प्रश्न कोरे ठेवून, वेळ संपला म्हणून. शिडीचा आवाज तिने ऐकला होता. मग बाहेर जवळजवळ तासभर माझी वाट बघत बसली, आणि मला विचारलं, वेळ पुरला ना? माझ्यासाठी तिने वचनाचा दुसरा भाग मोडला. एकोणीस दिवस.

बाईंना द्यायच्या कागदावर फक्त माझ्या वेळा लिहीन. खोलीत आणखी कोण होतं असं विचारलं, तर तिने काय लिहिलंय ते पाकिटावरच आहे.

बाईंच्या खोलीचं दार सोमवारी उघडतं. सोमवार, २७ नोव्हेंबर, सकाळी नऊ. मी पावणेनऊला तिथे असेन.